अर्धवट विश्वास आणि खचलेलें मन
(चेक तत्त्ववेत्ते मासारिक यांच्या विचारांवरून एक अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : १ राजे १९:१-१८, प्रेषितांचीं कृत्यें १६:२५-३४

ज्या मंडळींत उपासना वेळेवर होते, वर्गणी जमते व नाताळाचा सण थाटानें साजरा होतो, त्या मंडळींत विश्वास जिवंत आहे असें आपण सहज धरून चालतों. परंतु देवळाची घंटा नेमानें वाजत असतांही विश्वास आंतून झिजूं शकतो; आणि तो झिजला म्हणजे संकटाच्या दिवशीं मनुष्य अगदीं एकटा पडतो. ही गोष्ट तोमाश गारिग मासारिक या चेक तत्त्ववेत्त्यानें सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं मोठ्या परिश्रमानें दाखवून दिली. त्यांच्या सर्व मतांशीं आपलें जुळणार नाहीं, तें कां हें पुढें येईलच. तरी त्यांची साक्ष ऐकून घेण्यासारखी आहे. उपदेशक बंधूंनीं हा पाठ दोन बैठकींत घ्यावा व शेवटच्या प्रश्नांवर मंडळीस बोलूं द्यावें.

१. हे मासारिक कोण?

मध्य युरोपांत बोहेमिया व मोराविया हे चेक लोकांचे जुने प्रांत आहेत. त्यांचा धर्मेतिहास आपणांस सर्वस्वीं परका नाहीं. मार्टिन लूथर यांच्या शंभर वर्षें आधीं, ६ जुलै १४१५ रोजीं, प्रागचे उपदेशक यान हुस यांस कॉन्स्टन्स येथें जाळण्यांत आलें. त्यांच्या मागून बंधुसंघ नांवाची मंडळी उभी राहिली. शिक्षणशास्त्राचे थोर आचार्य कोमेनियस हे तिचेच बिशप. १६२० सालीं प्रागजवळील पांढऱ्या टेकडीच्या लढाईंत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला, आणि पुढें सुमारें दीडशें वर्षें त्या देशांत प्रॉटेस्टंट उपासनेस बंदी होती. १७८१ सालीं सम्राट दुसरा जोसेफ यानें सहिष्णुतेचा जाहीरनामा काढला तेव्हां ती उठली. मधल्या काळांत बंधुसंघाचे जे लोक देशोधडीस लागले, त्यांच्या वंशजांतून मोरावियन मिशन निघालें. विल्यम केरी यांनीं १७९२ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत याच बंधूंचा कित्ता इतरांपुढें ठेविला. आणि केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी नवा करार बाहेर पडला. ज्या झऱ्याचें पाणी वळणें घेत आपल्या दारापर्यंत आलें, त्या झऱ्याच्या गांवचे हे मासारिक होत.

त्यांचा जन्म ७ मार्च १८५० रोजीं मोरावियांतील होदोनिन या गांवीं झाला. बाप सरकारी जमीनदारीवर गाडीवान, आई स्वयंपाकीण. मुलास प्रथम कुलुपें करणाऱ्या कारागिराकडे व मग लोहाराच्या भात्यावर शिकाऊ म्हणून ठेविलें होतें. तेथून शिकत शिकत ते व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयापर्यंत पोहोंचले. १८७८ सालीं त्यांनीं शार्लट गारिग या अमेरिकन बाईशीं विवाह केला व पत्नीचें कुलनाम आपल्या नांवांत घातलें. १८८० सालीं त्यांनीं रोमन कॅथलिक मंडळी सोडून रिफॉर्म्ड मंडळींत प्रवेश केला. १८८२ पासून ते प्राग येथें प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ सालीं चेकोस्लोव्हाकिया हें स्वतंत्र राष्ट्र झालें तेव्हां हा गाडीवानाचा मुलगा त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३५ सालीं त्यांनीं तें पद सोडलें, आणि १४ सप्टेंबर १९३७ रोजीं ते निवर्तले.

२. तक्त्यांतून काय दिसलें?

१८८१ सालीं व्हिएन्ना येथें त्यांचा पहिला मोठा ग्रंथ जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. विषय होता आत्मघात. विषय अप्रिय खरा; पण वैद्य जसा जखमेवरून दृष्टि काढीत नाहीं, तशी त्यांनींही काढली नाहीं. त्या काळीं युरोपांतील सरकारें जन्ममृत्यूंचे तक्ते छापूं लागलीं होतीं. त्यांवरून असें दिसत होतें कीं, सुधारणा, कारखाने, रेल्वे व शाळा जसजशा वाढत आहेत, तसतसे स्वतःच्या हातानें जीवन संपविणारे लोकही वाढत आहेत. हें कां व्हावें?

मासारिक यांनीं एकेक कारण हातीं घेऊन तपासलें : थंडी व उष्मा, ऋतु, वय, शरीरप्रकृति, दारिद्र्य व श्रीमंती, दारू, धंदा, राज्यव्यवस्था. या प्रत्येकाचा कांहीं परिणाम होतो हें त्यांनीं मान्य केलें. परंतु त्यांचा निर्णय असा कीं, हीं बहुतेक निमित्तें होत. दारिद्र्य पूर्वींही होतें, साथी पूर्वींही येत, लढाया पूर्वींही होत. तरी त्या ओझ्याखालीं मनुष्य इतक्या सहज मोडत नसे. वारा तोच असतां एक दिवा विझतो व दुसरा तेवत राहतो, तेव्हां दोष केवळ वाऱ्याचा नव्हे. दिव्यांत तेल किती उरलें आहे हेंही पाहिलें पाहिजे. मासारिक यांच्या मतें तें तेल म्हणजे धर्मश्रद्धा. जगाला अर्थ आहे, माझ्या दुःखालाही कोणी साक्षी आहे, मृत्यूच्या पलीकडे न्याय व आशा आहे, ही खात्री ज्या समाजांतून ओसरते, तेथें जीवन हेंच ओझें होऊन बसतें असें ते म्हणत.

येथें प्रॉटेस्टंट वाचकानें कान टवकारावेत. प्रॉटेस्टंट प्रांतांत आत्मघाताचें प्रमाण कॅथलिक प्रांतांपेक्षां अधिक आहे, असें त्या काळच्या तक्त्यांत दिसत होतें, आणि स्वतः प्रॉटेस्टंट मंडळींत आलेल्या मासारिक यांनीं ही गोष्ट झांकून ठेविली नाहीं. तिचा विचार आपणही करावा. जेथें मनुष्यास स्वतः विचार करण्याची मोकळीक दिली, परंतु विचार करण्याचें बळ व सोबत दिली नाहीं, तेथें तो जुना आधार सोडतो आणि नवा त्याच्या हातीं लागत नाहीं. मोकळीक ही देणगी खरी. पण ती एकट्यानें वाहावयाची देणगी नव्हे.

३. अर्धवटपणा हा मूळ रोग

मासारिक यांनीं या रोगास जें नांव दिलें तें आपल्या भाषेंत अर्धवट शिक्षण असें होईल. मूल शाळेंत जातें. एका तासाला गुरुजी सृष्टीचे नियम शिकवितात. दुसऱ्या तासाला धर्मगुरु धर्मप्रश्नोत्तरें पाठ करून घेतात. या दोहोंची सांगड कोणीच घालून देत नाहीं. मुलाच्या डोक्यांत दोन खोल्या होतात, आणि मधलें दार कायमचें बंद राहतें. पुढें तो मोठा होतो, चार पुस्तकें वाचतो, वर्तमानपत्रें चाळतो. जुनें सर्व खोटें असें त्यास वाटूं लागतें, पण नवें कांहीं मुळापर्यंत कळलेलें नसतें. ज्ञान डोक्यांत चढतें, हातांत उतरत नाहीं. शंका विचारतां येते, जगावें कसें हें सांगतां येत नाहीं. असा मनुष्य सुखाच्या दिवसांत चतुर दिसतो व दुःखाच्या दिवसांत कोसळतो.

तर मग मुलांस शाळेंतून काढावें काय? मासारिक यांनीं असें कधींही सांगितलें नाहीं. ते जन्मभर शिक्षक होते. अर्धवट शिक्षणावर औषध पूर्ण शिक्षण, म्हणजे ज्ञान, शील व श्रद्धा यांस एकत्र बांधणारें शिक्षण, असें त्यांचें म्हणणें. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांस अक्षरओळख मिशनच्या शाळेंतून झाली, ही ईश्वराची कृपा आहे. ती कृपा अर्धी राहूं नये, एवढीच काळजी.

जें शिक्षणाचें तेंच विश्वासाचें. दहा आज्ञा तोंडपाठ आहेत, पण बाजारांत माप खोटें आहे. स्तोत्र गोड गाइलें जातें, पण भावाभावांत बांधावरून दहा वर्षें बोलणें नाहीं. बाप्तिस्मा झाला आहे, पण पीक बुडालें कीं गुपचूप देवऋष्याकडे पाय वळतात. हा अर्धवट विश्वास होय. नास्तिक मनुष्य निदान आपण कोठें उभे आहों हें जाणतो. अर्धवट विश्वासी मनुष्यास आपल्या पायांखालीं खडक आहे असें वाटत असतें, आणि पूर आला म्हणजे ती वाळू होती हें कळतें.

४. देवाच्या आसनावर बसलेला मनुष्य

१८९३ सालीं मासारिक यांनीं 'आमचा काळ' या अर्थाच्या नांवाचें एक मासिक सुरू केलें. त्यांत १८९६ ते १८९८ या वर्षांत त्यांची 'आधुनिक मनुष्य आणि धर्म' ही लेखमाला आली. तींत त्यांनीं ह्यूम, कांट, कोंत, स्पेन्सर इत्यादि तत्त्वज्ञांचे विचार आणि गटे याचें 'फाउस्ट' यांसारखीं काव्यें तपासलीं. पुढें १९१३ च्या रशियाविषयींच्या ग्रंथांतही, दोस्तोयेव्हस्की याच्या कादंबऱ्यांवरून, तोच प्रश्न त्यांनीं पुन्हां मांडला.

त्यांच्या विचाराचें सार असें. देवाचें आसन रिकामें झालें असें ज्यास वाटतें, तो तें रिकामें ठेवीत नाहीं. स्वतःच त्यावर चढून बसतो. मग चांगलें काय व वाईट काय हें ठरविणारा तोच, आपला न्यायाधीश तोच, आपला तारणाराही तोच. हें ओझें मनुष्याच्या खांद्यास झेपणारें नव्हे. तो आंत वळला तर स्वतःस कंटाळतो व आपला नाश करितो. बाहेर वळला तर दुसऱ्यास तुच्छ मानून त्याचा नाश करितो. आत्मघात व नरहत्या हीं एकाच झाडाचीं दोन फळें होत. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहिल्यावर, १९२५ च्या आपल्या आठवणींच्या ग्रंथांत, त्यांनीं त्या युद्धाचें मूळही याच अहंकारांत शोधलें.

५. त्यांनीं सुचविलेला उपाय

जुन्या अधिकाराखालीं डोळे मिटून परत जावें, हा उपाय मासारिक यांस मान्य नव्हता. तसा परत गेलेला मनुष्य मनांतून फाटलेलाच राहतो असें ते म्हणत. त्यांनीं दोन गोष्टींवर भर दिला.

पहिली सत्य. एका हस्तलिखितावरून चेक लोकांस आपल्या प्राचीन काव्याचा मोठा अभिमान वाटत होता. १८८६ सालीं मासारिक यांच्या नियतकालिकानें तें हस्तलिखित बनावट असल्याचा पुरावा छापला. देशद्रोही म्हणून त्यांची निर्भर्त्सना झाली. परंतु राष्ट्राचा पाया खोट्यावर नसावा हें म्हणणें त्यांनीं सोडलें नाहीं. १८९९ सालीं पोल्ना या गांवीं एका तरुणीचा खून झाला, आणि यहूदी लोक धर्मविधीसाठीं ख्रिस्ती रक्त घेतात या जुन्या दुष्ट समजुतीवरून हिल्सनर नांवाच्या गरीब यहूदी तरुणास फांशीची शिक्षा झाली. मासारिक यांनीं त्या समजुतीविरुद्ध लेखणी उचलली. विद्यार्थ्यांनीं गोंधळ करून त्यांचीं व्याख्यानें बंद पाडलीं. हिल्सनर याची फांशी पुढें जन्मठेपेवर आली, व १९१८ सालीं तो सुटला. शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष चालूं देऊन देवभक्ति करतां येत नाहीं, हा धडा त्यांनीं आपल्या कृतीनें दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजचें बारीक काम. हौतात्म्याच्या मोठ्या प्रसंगाची वाट पाहत बसूं नये. शाळा, शेत, घर, आजाऱ्याची शुश्रूषा, हिशेब चोख ठेवणें, हीं लहान कामें अनंतकाळाकडे दृष्टि ठेवून करावीं, असें ते शिकवीत. मनुष्याचा आदर्श कैसर नव्हे तर येशु, असें ते म्हणत. आणि येशूनेंही आपलीं बहुतेक वर्षें सुताराच्या घरीं काढलीं. दूरच्या वस्तीवर पायीं जाऊन चार मुलांस अक्षरें शिकविणाऱ्या उपदेशकास या शिकवणींत मोठें समाधान आहे.

६. कोठें थांबावें?

आतां त्यांची मर्यादाही पाहूं. एक तर, कारणमीमांसा अपुरी आहे. फ्रान्सचे दुर्खीम यांनीं १८९७ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहून माणसांचे परस्परसंबंध सैल होण्यावर मुख्य बोट ठेविलें. मानसिक आजार हाही शरीराच्या आजाराप्रमाणें आजारच आहे, हें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. विदर्भ व मराठवाडा येथील कोरडवाहू गांवांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या कित्येक वर्षें येत आहेत. तेथें कर्ज, पाऊस व भाव यांचें ओझें केवळ निमित्त म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. म्हणून मासारिक यांचें मत समाजाची नाडी पाहण्यास वापरावें. एखाद्या मृत मनुष्याचा न्याय करण्यास वापरूं नये. प्रेतापाशीं उभें राहून, याचा विश्वास कमी पडला, असें म्हणणाऱ्यास मासारिक यांचा आधार नाहीं व शास्त्राचा तर नाहींच. ज्याच्या घरीं असा घात झाला आहे, त्या विधवेच्या पुढें आपली जीभ आवरणें हेंही देवाचें भय होय.

दुसरें असें कीं, मासारिक येशूस परम गुरु व कित्ता मानीत, परंतु चमत्कार, प्रकटीकरण व ख्रिस्ताचें देवत्व यांविषयीं मंडळीचा जो विश्वास आहे तो त्यांस मान्य नव्हता. वैद्यास रोग कळला, पण औषध पूर्णपणें त्याच्या पेटींत नव्हतें. त्यांच्या देशाचा पुढील इतिहास पाहा. राष्ट्र स्वतंत्र झालें, शाळा वाढल्या. नंतर १९३९ सालीं जर्मनांची सत्ता व १९४८ ते १९८९ पर्यंत धर्मविरोधी साम्यवादी राजवट आली. १९९३ पासून चेक लोकांचें वेगळें प्रजासत्ताक आहे. तेथील २०२१ च्या खानेसुमारींत सुमारें ४८ टक्के लोकांनीं आपला कोणताही धर्म नाहीं असें लिहिलें, व सुमारें ३० टक्के लोकांनीं त्या प्रश्नाचें उत्तरच दिलें नाहीं. हुस यांच्या देशाची ही स्थिति आहे. धर्म मनुष्यास अवश्य आहे हें सिद्ध केल्यानें धर्म उत्पन्न होत नाहीं. पाणी अवश्य आहे हें सिद्ध केल्यानें विहिरीस पाणी लागत नाहीं. विश्वास ही जिवंत ख्रिस्ताची देणगी आहे, आणि ती तो बहुधा एका मनुष्याच्या हातून दुसऱ्यास देतो.

७. एलीया आणि बंदिशाळेचा नायक

शास्त्रभागाकडे वळूं. कर्मेल डोंगरावर निर्भयपणें उभा राहिलेला एलीया ईजबेलीच्या धमकीनें पळाला, आणि रतामाच्या झुडुपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. तो अर्धवट विश्वासी नव्हता. तो संदेष्टा होता. तेव्हां खचणें हें नेहमींच अविश्वासाचें लक्षण नव्हे, हें प्रथम शिकावें. आणि देवानें काय केलें? त्यास रागें भरला नाहीं, उपदेशही केला नाहीं. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिलें. पुन्हां झोप व पुन्हां भाकर. त्यानंतर लांबचा प्रवास, आणि होरेबावर मंद वाणी. मग तीन ठराविक कामें सांगितलीं, सोबतीस अलीशा दिला, आणि तूं एकटा नाहींस, तुझ्यासारखे सात हजार आहेत, हें कळविलें. भाकर, विसावा, वचन, काम, सोबती : हा क्रम उपदेशकानें मनावर कोरून ठेवावा. आपण पुष्कळदां वचनापासून आरंभ करितों व भाकर विसरतों.

फिलिप्पै येथें बंदिशाळेच्या नायकानें, कैदी पळाले व आपली अब्रू गेली असें समजून, तलवार उपसली. पौलाच्या पाठीवर त्याच रात्रीच्या फटक्यांच्या जखमा होत्या. तरी त्यानें मोठ्यानें हांक मारून त्यास थांबविलें, आणि आम्ही सर्व येथेंच आहों असें सांगितलें. तारणाचा प्रश्न नायकानें त्यानंतर विचारला, आधीं नव्हे. अंधारांत कोणीतरी आपल्यास हांक मारीत आहे हें त्यास आधीं कळलें. मंडळीचें काम हेंच आहे : वेळेवर हांक मारणें, आणि आम्ही येथेंच आहों हें खरें करून दाखविणें.

यासाठीं प्रत्येक मंडळींत पुढील गोष्टी व्हाव्या. जो दोन रविवार दिसला नाहीं त्याच्या घरीं कोणी तरी जावें, पण वर्गणीची वही घेऊन नव्हे. कर्जानें गांजलेल्या बंधूबरोबर बँकेंत किंवा तलाठ्याकडे एक शहाणा वडील जावा. जगण्यांत अर्थ नाहीं असें कोणी बोलला तर हंसून टाळूं नये. जवळ बसावें, सरळ विचारावें, त्यास एकटें सोडूं नये व सरकारी दवाखान्यांत न्यावें. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यास मराठींतही बोलतां येतें. हा क्रमांक देवळाच्या दारावर लिहून ठेवावा. डॉक्टरचें औषध घेणें हा विश्वासाचा अभाव नव्हे. एलीयाची भाकरही देवदूतानेंच भाजली होती.

विचारासाठीं प्रश्न

१. मासारिक यांनीं निमित्त व मूळ कारण यांत जो भेद केला तो आपल्या शब्दांत सांगा. तो कोठें खरा ठरतो व कोठें अपुरा पडतो?

२. अर्धवट शिक्षण म्हणजे काय? शाळेंत जें शिकलों तें व देवळांत जें ऐकतों तें यांची सांगड आपल्या मुलांस कोण घालून देतो?

३. आपल्या मंडळींत विश्वास कोणत्या बाबतींत अर्धा राहिला आहे? दुसऱ्याचें नांव न घेतां प्रत्येकानें स्वतःविषयीं विचार करावा.

४. देवानें एलीयास ज्या क्रमानें सावरलें, त्यांतील कोणती पायरी आपण नेहमीं गाळतों?

५. या आठवड्यांत आपण कोणास हांक मारावयाची आहे?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें सांगूं नये. बैठकीच्या अखेरीस दोन मिनिटें शांत बसून प्रत्येकानें तें नांव प्रभूपुढें घ्यावें, व पुढील रविवाराच्या आंत त्या दारीं जाऊन यावें.